वास न घेतलेली फुलं

जुन्या जालन्यात कडूबा फुलाऱ्याची फुलं दोन दिवस टवटवीत राहतात, असं लोक म्हणायचे. त्यात थोडी लोकांची हौस आणि थोडी कडूबाची फुशारकी धरली, तरी गडी आपल्या कामात पक्का होता हे कबूल करावंच लागेल. कुंडलिकेच्या काठच्या मळ्यातून मोगरा, शेवंती, गुलछडी आली की तो ती पळसाच्या पानांवर पसरायचा, वर ओलं फडकं टाकायचा, आणि मग ती पाटी उघडायची नाही म्हणजे नाही. दर घटकेला वरूनच पाण्याचा हबका मारायचा. झाकण काढून आत डोकावलं की वारं लागतं आणि फूल मान टाकतं, हे त्याला बापानं शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं. खुडलेलं काहीही असो, ओलं ठेवावं, झाकून ठेवावं आणि सारखं उघडून बघू नये.

आणखी एक गोष्ट होती. देवाला जाणाऱ्या फुलाचा वास फुलाऱ्यानं घ्यायचा नाही. वास घेतला की फूल उष्टं झालं. कडूबा सहा वर्षांचा असताना त्यानं मोगऱ्याची एक कळी नाकाला लावली होती. बापानं अशी कानशिलात ठेवून दिली की पोराला दोन दिवस त्या कानानं ऐकू आलं नाही. "देवाच्या ताटात तोंड घालतो का रे?" एवढंच बाप म्हणाला होता. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. कोणी म्हणेल, मोगऱ्याच्या ढिगात बसलेल्या माणसाच्या नाकात वास आपोआप शिरतोच की. शिरत असेल. पण पिठाच्या गिरणीत बसणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही, तसं कडूबाचं झालं होतं. नाक होतं, ते सर्दीपुरतं.

त्याच्याआधी झालेली भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याचं नाव कडूबा ठेवलं, म्हणजे यमाला हा घास गोड लागू नये. यमानं त्याला सोडलं, पण नावाची चव स्वभावात उतरली. गिऱ्हाईक दोनदा घासाघीस करू लागलं की तो हार परत पाटीत टाकायचा. दुकान चालत होतं ते त्याच्या बायकोच्या, दुर्गाबाईच्या जिभेवर आणि बोटांवर. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ती डोळे मिटून फुलं गुंफायची, गाठ कधी सैल पडली नाही की देठ कधी तुटलं नाही. वर तोंड सुरूच. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या पोराला शेवंती आवडते, सगळं तिला पाठ. तीन लेकरं झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. त्यानंतर त्या घरात ही दोघं आणि मागच्या खोलीत कडूबाची विधवा बहीण सोनूबाई, एवढीच माणसं उरली.

दुर्गाबाई कधीकधी हार गुंफता गुंफता म्हणायची, "जन्म फुलात गेला अन् वास म्हून ठाऊक न्हाई. वर गेल्यावर कोणी इचारलं तर काय सांगावं?" कडूबा गुरगुरायचा, "सांग, नवऱ्यानं घेऊ दिला न्हाई." आणि ती हसायची. तीस वर्षं हाच एक विनोद त्यांनी जपून वापरला.

अठ्ठावन्न सालच्या पाडव्यानंतर दुर्गाबाईचे डोळे पिवळे दिसायला लागले. मग अन्नावरची वासना गेली. मग हातपाय काडीसारखे झाले आणि पोट भरत चाललं. दवाखान्यात दोनदा पोटातलं पाणी काढलं. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले की आता घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला. कडूबानं मान डोलावली. या वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला तो बाहेर येऊन टांग्यात बसल्यावर, आणि मग त्याला टांग्यातून उतरताच येईना. टांगेवाल्यानं आणि सोनूबाईनं आधी दुर्गाबाईला उतरवलं, मग त्याला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. कडूबानं तर काड्यांचा भाराच गोळा केला. दर्ग्यातला धागा आणला, वाटूरच्या कोण्या बाबाचा अंगारा आणला, एका देवऋष्याच्या सांगण्यावरून अमावास्येला नारळ ओवाळून टाकला. जो जे सांगेल ते तो करत होता. पूर्वी अशा माणसांना दुकानासमोरून हाकलून देणारा हाच कडूबा.

शेवटी तो रामकिसन वैद्यांकडे गेला. वैद्य म्हातारे आणि सरळ माणूस. त्यांनी काविळीवरची कुटकीची मुळी उगाळून द्यायला सुरुवात केली, पण गुण येईना. त्यांनी डबा उघडून दाखवला. मुळ्या जुन्या होत्या, आतून किडीनं पोखरलेल्या. बाजारात हे असंच येतं, ते म्हणाले. ही मुळी बर्फाच्या डोंगरात, बद्रीनारायणाच्या बाजूला होते. तिथं म्हणे उंचावर एक फुलांचं रान आहे. तिथली यंदाची, सत्त्व असलेली मुळी हाती लागली तर काही सांगता येईल. "पण कडूबा, मी तुला वचन देत न्हाई. आजार लई पुढं गेलाय," असंही ते म्हणाले. कडूबानं पहिलं तेवढं ऐकलं. दुसरं ऐकायला त्याच्या कानात जागाच नव्हती.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. कापडाचे व्यापारी पन्नालाल शेठ आणि त्यांच्या पत्नी सायरबाई धोंड्याच्या महिन्यात बद्रीनारायणाला निघाले होते. सायरबाईंचा नवस होता की पाच दिवस रोज हजार पानांची तुळशीची माळ देवाला स्वतःच्या डोळ्यांदेखत गुंफून घ्यायची. बरोबर भटजी होते, आचारी होता, माळ गुंफणारा पाहिजे होता. ज्यानं आयुष्यात कोणापुढं हात जोडले नव्हते तो कडूबा शेठजींच्या ओसरीवर जाऊन हात जोडून उभा राहिला. सायरबाई म्हणाल्या, अरे, तुझी बायको अंथरुणाला खिळलेली, आणि तू यात्रेला निघतोस? कडूबा म्हणाला, ती खिळलेली हाय म्हूनच निघतोय.

घरी मात्र त्याला हे सांगायला संध्याकाळ झाली. दुर्गाबाई बाजेवर पडून होती. तिनं सगळं ऐकलं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मला मुळी नको. तुमी इथं बसा माझ्यापाशी."

"इथं बसून काय करू? तू जाताना बघत बसू?"

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलल्याबरोबर कळलं. घरात तोवर कोणी ते तोंडानं म्हटलं नव्हतं. दुर्गाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. या माणसाला आता इथं बसवून ठेवलं तर हा माझ्याआधी मरेल, असं तिला वाटलं असावं. तिनं परत एकदाही जाऊ नका म्हटलं नाही.

"मंग जा," ती म्हणाली. "पण तिथं फुलांचं रान हाय म्हणता ना? त्या फुलांचा वास घेऊन बघा, अन् कसा असतो ते मला येऊन सांगा. ती काय आपल्या पाटीतली फुलं न्हाईत."

तो एकोणचाळीस दिवस बाहेर होता. पुढं आयुष्यभर त्यानं हे एकोणचाळीस दिवस मनात उलगडले आणि परत घडी घालून ठेवले. त्यातला प्रत्येक दिवस त्याला तिच्या उशाशी बसता आला असता.

जालन्याहून मनमाड, मनमाडहून दिल्ली, तिथून हरिद्वार आणि ऋषिकेश. पुढं पीपलकोटीपर्यंत मोटार, आणि मोटार संपल्यावर पाय. पावसाळ्याचे दिवस, वाट म्हणजे डोंगराच्या कुशीत खरवडलेली एक रेघ. सायरबाई माणसानं पाठीवर वाहायच्या टोपलीत बसून रामनाम घेत होत्या. शेठजी काठी टेकत, दम खात चालत होते. कडूबा सगळ्यांच्या पुढं. मुक्कामाला पोचल्यावर लोक पाय चेपत बसायचे, हा वर पुढच्या वाटेकडं बघत उभा. एवढी घाई काय लावलीस, देव काय पळून चाललाय का, असं भटजी एकदा म्हणाले. कडूबा त्यांच्या अंगावर धावूनच गेला असता, पण आचाऱ्यानं मध्ये हात घातला.

बद्रीनारायणाच्या देवळात पाच दिवस तो पहाटे बसून हजार पानं गुंफायचा. गार पाण्यानं बोटं आखडून जायची, तरी गाठ चुकली नाही. पण पाचव्या दिवशी माळ देवाला गेली आणि सगळ्यांनी हात जोडले, तेव्हा कडूबाला काहीच मागता येईना. त्याला देवाचा राग आला होता. तीस वर्षं तिच्या हातची माळ रोज तुला मिळाली, जालन्यातल्या देवळात काय आणि इथं काय, देव एकच ना? मग तुला कळत कसं नाही? असं त्यानं मनात विचारलं आणि लगेच घाबरला. आता कोण्या देवाला दुखवायचे दिवस नव्हते. त्यानं स्वतःच्या थोबाडीत दोनदा मारून घेतलं. शेजारच्या यात्रेकरूंना वाटलं, केवढा भक्त आहे.

उतरताना पांडुकेश्वरला पोचल्यावर खालची दरड कोसळून वाट बंद झाली. मंडळी अडकली. सायरबाईंच्या पायाला सूज आलेली, त्यांना बरंच वाटलं. कडूबानं तिथं विचारत विचारत केसरसिंग नावाचा एक मेंढपाळ गाठला. त्या फुलांच्या खोऱ्यात दर उन्हाळ्यात मेंढरं नेणारा, पन्नाशीचा, तुटक बोलणारा माणूस. कुटकी म्हटल्यावर तो म्हणाला, हां, वर आहे, पाहिजे तेवढी आहे. एवढ्या सहज म्हणाला की कडूबाला रडू आलं. ज्याच्यासाठी आपण मुलूख ओलांडून आलो, ते याला गवतासारखं. तीन दिवसांची रजा घेऊन तो त्याच्या मागं निघाला.

पहिला दिवस नदीच्या कडेनं नुसती चढण. कडूबाच्या छातीत भाता चालत होता. वाटेत तीनदा तो बसला, आणि तीनदा बसल्याबद्दल स्वतःला शिव्या देत उठला. रात्र एका झोपडीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी भुर्जाच्या झाडांतून वाट वर गेली. एका ठिकाणी ओढ्यावर मळकं बर्फ साचलेलं होतं आणि पाणी त्याच्या पोटातून वाहत होतं. ते बर्फ ओलांडून दोघं एका खडकाला वळसा घालून आले, आणि केसरसिंग बाजूला झाला.

एवढी फुलं कडूबानं जन्मात पाहिली नव्हती, आणि त्याचा जन्म तर फुलातच गेला होता. डोंगराच्या पायापासून पार बर्फाखालच्या काळ्या कड्यापर्यंत फुलंच फुलं. माणसाच्या छातीइतकी उंच गुलाबी, खाली पिवळी, त्यात निळी, पांढरी, जांभळी, आणि कशाचंच नाव त्याला ठाऊक नाही. कोणी लावलेली नाहीत, कोणी पाणी घातलेलं नाही. वर ढग, खाली ढग, आणि मधल्या उजेडात सगळं रान भिजून उभं. सवयीनं त्यानं एक देठ बोटांत धरून पाहिलं. देठ दोऱ्याएवढं बारीक, पाकळी हात लावताच गळून पडली. हारात गुंफता येईल असं एकही फूल त्या सगळ्या रानात नव्हतं. इथं फुलाऱ्याचं काही काम नाही, हे त्याच्या लक्षात आलं. दुर्गी हे बघायला इथं पाहिजे होती. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले असते आणि मग दिवसभर बडबडली असती. ती जालन्यात बाजेवर पडलीय, आणि हे सगळं इथं कोणासाठी फुललंय? कडूबा तिथंच ओल्या गवतात बसला आणि मोठ्यानं रडला. केसरसिंग दुसरीकडं बघत उभा राहिला.

मग त्या मेंढपाळानं, रडणाऱ्या माणसाचं मन रमवावं म्हणून असेल, एक पांढरं फूल खुडून त्याच्यापुढं धरलं आणि वास घे अशी खूण केली. कडूबाची मान आपोआप मागं गेली. जित्याची खोड. पण लगेच त्याला दुर्गाबाईचे शब्द आठवले. त्यानं फूल हातात घेतलं. नाकापासून वीतभर अंतरावर आणलं. श्वास रोखूनच आणलं.

आणि त्याच्या मनात आलं, हे रान कोणाचं? बद्रीनारायणाच्या दारातलं. म्हणजे त्याचंच. मुळी खोदायच्या आधी आपण त्याचं फूल उष्टं केलं, आणि मुळीला गुण आला नाही, तर? एकदा देवाशी वाकडं बोलून बसलोय. आता परत नको. तिला काय, वास असाच होता तसाच होता, काहीही सांगता येईल. ती बरी झाल्यावर सांगता येईल. त्यानं ते फूल कपाळाला लावलं आणि अलगद दगडावर ठेवून दिलं.

कुटकी वरच्या अंगाला, खडकांच्या फटीत होती. केसरसिंगानं लहान कुदळीनं खणायला सुरुवात केली, कडूबानं नखांनी. बोटाएवढ्या जाड, मातकट, गाठीगाठीच्या मुळ्या. एक तोडून केसरसिंगानं जिभेला लावायला दिली. इतकी कडू की कडूबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो हसला. वैद्यांच्या डब्यातल्या मुळीला याच्या निम्मीही चव नव्हती. शेरभर मुळ्या निघाल्या. त्यानं त्या ओढ्यात धुतल्या, भोवती ओलं शेवाळ लावलं, मोठी पानं गुंडाळली, डोक्याचं पागोटं फाडून तो कपडा भिजवून वरून करकचून बांधला. आणि बर्फाच्या पाण्याचा पहिला हबका मारला. केसरसिंग बघत होता. त्याला वाटलं, हा माणूस मुळ्या गावी नेऊन लावणार असेल. औषधाची मुळी सावलीत वाळवायची असते, हे त्याच्या गावातलं पोरगंही जाणत होतं. ते कोणाला सांगायचं असतं, असं त्याच्या मनातही आलं नाही. आणि खुडलेली वस्तू ओली ठेवायची असते, हे कडूबा जाणत होता. ते कोणाला विचारायचं असतं, असं त्याच्याही मनात आलं नाही.

दरड सात दिवसांनी निघाली. कडूबा त्या सात दिवसांत वेडापिसा झाला. एकट्यानं दरडीवरून चढून जायला निघाला, तर शिपायांनी दोनदा परत फिरवला. मग जोशीमठाच्या झऱ्यावर हबका, पीपलकोटीच्या नळावर हबका. ऋषिकेशला त्यानं गाठोडं गंगेतच बुडवून काढलं; म्हटलं, मुळीही आणि गंगाही, दुहेरी गुण येईल. आगगाडीत ते मांडीवर घेऊन बसायचा. स्टेशन आलं की उतरून तांब्या भरून आणायचा. गाठोडं उघडून त्यानं एकदाही पाहिलं नाही. उघडलं की वारं लागतं.

झाशीच्या पुढं सायरबाई म्हणाल्या, "कडूबा, सामानात काय तरी सडल्यासारखा वास येऊन राह्यला रे." आचाऱ्यानं सगळ्या दुलया उलगडून पाहिल्या. पावसात भिजलेल्या, आंबट झालेल्या दुलया; त्यांचाच वास म्हणून त्या खिडकीला वाळत घातल्या. कडूबानंही हात लावला. मांडीवरच्या गाठोड्याला नाक लावून पाहावं असं डब्यातल्या सगळ्यांत फक्त त्यालाच सुचणार नव्हतं, आणि गाठोडं त्याच्याच मांडीवर होतं.

जालन्याला गाडी दुपारी पोचली. मंडळींचं सामान उतरवायलाही तो थांबला नाही. पुलावरून धावत घरी आला, तर सोनूबाई दारात भेटली. तिनं नुसती मान डोलावली, म्हणजे आहे अजून. दुर्गाबाई बाजेवर होती. चेहरा हळदीसारखा, त्यात डोळे तेवढे मोठे झालेले. त्याला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"आणली," कडूबा म्हणाला. "पायजे तेवढी आणली."

"बसा आधी," ती म्हणाली. "फुलं पाह्यली का?"

तो बसला आणि सांगायला लागला. कसं बर्फाच्या पोटातून पाणी वाहत होतं, कशी छातीइतकी उंच गुलाबी फुलं, कशी पाकळी हाताला लागताच गळून पडते. ती डोळे मिटून ऐकत होती. मधूनच बोटं हलत होती, जणू गुंफून बघत होती.

"अन् वास?"

तीस वर्षांत कडूबा तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. बोलायची गरजच पडली नव्हती.

"न्हाई घेतला," तो म्हणाला. "देवाचं रान म्हून न्हाई घेतला."

दुर्गाबाईनं डोळे उघडले. रागावली नाही. "असू द्या," म्हणाली. "द्या इकडं ते." आणि रोज सकाळी मळ्यातली पाटी मांडीवर घ्यायची तसं तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. कापडाच्या गाठी तिच्याच्यानं सुटेनात, तेव्हा सोनूबाईनं सोडवल्या. पानं काळी पडली होती. त्याखालचं शेवाळ काळं चिकट झालं होतं. त्याच्या आत मुळ्यांचा लगदा होता, आणि तो वास खोलीभर झाला. सोनूबाईनं पदर नाकाला लावला. दुर्गाबाईनं नाही लावला.

कडूबानं ते गाठोडं तिच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि तसाच रामकिसन वैद्यांकडं पळाला. वैद्यांनी पाहिलं, एका काडीनं उलटंपालटं केलं. त्यातल्या दोन-तीन मुळ्या आतून अजून थोड्या घट्ट होत्या.

"ही सुकवून आणायची असती, कडूबा," वैद्य हळूच म्हणाले. "मी सांगितलं न्हाई. मला वाटलं तुला ठाऊक असंल."

"आता सुकवली तर?"

वैद्यांनी काडी टाकून दिली. कडूबानं परत विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. वैद्य उठून आत गेले.

त्यानं सुकवली. माळवदावर सुपात तो लगदा पसरून तो तीन दिवस त्याच्याशेजारी बसून राहिला. श्रावणातलं आभाळ, ऊन घटकाभर यायचं आणि जायचं. सर आली की सूप उचलून जिन्यात, सर गेली की परत वर. मुंग्या वेचायच्या, कावळे हाकलायचे. खाली दुकानात पाट्या रिकाम्या, आणि श्रावणातली गिऱ्हाइकं दारातून परत जात होती. आमचा फुलारी खुळावला, असं आळीतले लोक म्हणायला लागले. ते तसं चूकही नव्हतं. पन्नालाल शेठजी वर चढून आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले, आणि मग खाली गेले.

चौथ्या दिवशी दुर्गाबाईनं सोनूबाईकरवी त्याला खाली बोलावलं. ती मुळी उगाळा म्हणाली. कडूबा म्हणाला, ती सडलीय. ती म्हणाली, जेवढी चांगली हाय तेवढी उगाळा, मी पिते. त्यानं त्यातल्या त्यात घट्ट एक तुकडा निवडला, पाच वेळा धुतला आणि सहाणेवर उगाळला. वाटी तिच्या ओठांना लावली. तिनं डोळे मिटून, चेहऱ्यावर सुरकुती न पाडता सगळं पिऊन टाकलं.

"कडू हाय बराबर," ती म्हणाली. "म्हंजी असर असंल. तुमी कायी मनाला लावून घेऊ नका."

कडूबा परसात गेला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. सोनूबाईनं धरून आत आणला. त्यानंतर तो दुर्गाबाईच्या उशापासून उठला नाही. आता बसला होता, आणि आता फार थोडं उरलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई गेली. सवाशीण गेली म्हणून आळीतल्या बायका हिरवं लुगडं, हळदकुंकू घेऊन आल्या. मळेवाल्यानं न सांगता फुलांची पाटी पाठवून दिली होती. कडूबा ती पाटी घेऊन ओसरीवर बसला, ओलं फडकं काढलं आणि सोपट हातात घेतलं. तिची वेणी दुसरं कोण करणार होतं? त्यानं मोगऱ्याचं पहिलं फूल उचललं, नाकाला लावलं, डोळे मिटून ओढून वास घेतला, आणि मग गुंफलं. दुसरं उचललं, त्याचाही घेतला. मग शेवंती, मग गुलछडी. एकेक फूल, घाई न करता. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बाहेर लोक खोळंबले होते.

शेवटी सोनूबाईनं जवळ येऊन त्याच्या मनगटाला हात लावला. "दादा, उष्टी होऊन राह्यली रे सगळी."

"होऊ दे," कडूबा म्हणाला. "तिला सांगायचंय."

आणि त्यानं पुढचं फूल उचललं.